दारानंतर खिडकी

नवी पेठेतल्या गुरुसिद्धप्पा धनशेट्टींच्या घरी दाक्षायणी इंग्रजी शिकवायला गेली ती एका बाईला. ठरलं होतं तेही एकाच बाईला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या गावभर फिरल्या त्यांत कुणी म्हणे तिनं बायकांची फौज उभारली, कुणी म्हणे ती कुठल्याशा परदेशी पंथाला लागली. तिच्या आईच्या मावसबहिणीनं तर थेट केमहून निरोप धाडला, की दाक्षीनं संसाराचा विचार सोडला हे खरं का.

दाक्षायणी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. तराजूत काही ठेवताना श्वास रोखून धरणारी, चहात साखर टाकली की ती पूर्ण विरघळेपर्यंत वाट बघणारी. तिला खरं तर विज्ञान शिकवायचं होतं. पण सोलापुरात १९७४ साली कुणालाही आपल्या घरात विज्ञान शिकलेलं माणूस नको होतं, आणि इंग्रजी मात्र ज्याला त्याला हवं होतं. तिनं परिस्थितीचं निरीक्षण केलं आणि इंग्रजीची शिकवणी धरली.

ज्या बाईला शिकवायचं ती गुरुसिद्धप्पांची बायको, कस्तुराबाई. त्यांचा मुलगा विरुपाक्ष इंग्लंडात डॉक्टर होता. तिथंच त्यानं लग्न केलं होतं आणि त्याला जेनी नावाची पाच वर्षांची मुलगी होती. संक्रांतीला तो बायकोमुलीला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होता.

"मागं एकदा त्यानं फोन लावला होता," कस्तुराबाई पहिल्या दिवशी हळू आवाजात म्हणाल्या. दुकानातल्या माणसांची जेवणं उरकली होती आणि माडीवर दोघीच होत्या. "मालकांनी मला पेढीवर बोलावलं. फोनात ती पोरगी काहीतरी बोलली. लई गोड बोलली. मी नुसती कानाला धरून उभी. मग फोन तुटला. ती काय म्हणाली ते मला अजून ठाऊक नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तिच्याशी बोलायचंय बाई. लई नको. थोडंच. पण तिला कळेल असं."

दाक्षायणीला हे उद्दिष्ट फार आवडलं. लहान होतं, स्पष्ट होतं, पडताळून बघता येण्याजोगं होतं.

तिची पद्धतही ठरलेली होती. जे करायचं ते बोलायचं, आणि जे बोलायचं ते करायचं. व्याकरण नाही, पाठांतर नाही. दार उघडायचं आणि म्हणायचं, "आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर." प्रयोगशाळेत आधी कृती असते, मग निरीक्षण, भाषेचंही तसंच असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिनं माडीचं दार उघडलं आणि वाक्य म्हटलं. मग कस्तुराबाईंना खूण केली. कस्तुराबाईंनी दार उघडलं आणि गप्प उभ्या राहिल्या. पुन्हा उघडलं, पुन्हा गप्प. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दाक्षायणीनं विचारलं, वाक्य अवघड वाटतं का.

"अवघड कशाचं," कस्तुराबाई पुटपुटल्या. "पण अक्का बोलल्याशिवाय मी कशी बोलू?"

अक्का म्हणजे थोरली जाऊ, सुंदरम्मा. त्या शेजारच्या खोलीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेल्या असत. कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि त्या कुठं आहेत हे जुडग्याच्या आवाजावरून सबंध घराला कळे. त्या घरात आल्यापासून कस्तुराबाई परक्या माणसासमोर, अक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्यांच्या आधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आधी अक्कांनी बोलायचं, मग कस्तुराबाईंनी "होय" म्हणायचं, अशी रीत होती. इंग्रजीसाठी वेगळी रीत कुणी काढली नव्हती.

दाक्षायणीला धक्का बसला. या प्रकरणातला हा पहिला आणि सगळ्यात लहान.

दुसरा उपाय नव्हता. कस्तुराबाईंना शिकवायचं तर आधी सुंदरम्मांना शिकवायला हवं होतं.

"मला काय करायचंय तुमचं इंग्रजी," सुंदरम्मा म्हणाल्या. "मी काय कुठं जायलालेय?"

"तुम्ही फक्त एकदा म्हणायचं. मग कस्तुराबाई म्हणतील."

"म्हणजे मला येणार नाही आणि हिला येणार?"

"तसं नाही. दोघींनाही येईल."

सुंदरम्मांनी सुपारीचं खांड तोंडात टाकून विचार केला. धाकटीला येईल आणि आपल्याला येणार नाही अशी एक वस्तू घरात राहणार, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्या उठून माडीवर आल्या आणि लगेच पहिली हरकत घेतली.

"दारात कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग भर दुपारी रिकामं दार कशाला उघडायचं? लक्ष्मी जाते."

हा मुद्दा दाक्षायणीच्या पद्धतीत धरलेला नव्हता. थोडी वाटाघाट होऊन ठरलं की दार उघडायचं, वाक्य म्हणायचं आणि लक्ष्मीला उठायला अवधी न देता धाडकन लावून घ्यायचं. लावतानाही वाक्य म्हणायचं, "आय अ‍ॅम शटिंग द डोअर." त्यानंतर वारा नको का, म्हणून खिडकी. मग पेटीचं झाकण. अशा रीतीनं धड्याचा क्रम लक्ष्मीच्या सोयीनं लागला. पण सुंदरम्मा म्हणाल्या आणि त्यांच्या मागोमाग, पदराआडून का होईना, कस्तुराबाईही म्हणाल्या. दाक्षायणीनं घरी जाताना स्वतःसाठी पावशेर शेव घेतली.

त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारच्या म्हाळसाबाई वर आल्या. या घरचं दार दुपारचं सारखं का आपटतंय, कुणाला बरं नाही की काय, हे बघायला त्या आल्या होत्या. कारण कळल्यावर त्यांनी बसकण मारली आणि सल्ला दिला.

"माझे दीर कलेक्टर कचेरीत होते. ते नुसतं इंग्रजी वर्तमानपत्र समोर धरून बसायचे. चष्मा लावून. वर्षभरात साहेब त्यांना घाबरायला लागला. दारं कसली आपटायची त्यात?"

"त्यांना बोलता यायचं?" दाक्षायणीनं विचारलं.

"बोलायची वेळच आली नाही म्हणते मी."

सल्ला देऊन जातील असं वाटलं होतं, पण म्हाळसाबाई रोज यायला लागल्या, आणि आल्या की गप्प बसणं त्यांना जमत नसल्यामुळं वाक्यं म्हणायला लागल्या. मग ईरम्मा आली. तिच्या घरी माग होते. ती दुकानात चादरींचा गठ्ठा द्यायला आली होती. वरचा आवाज ऐकून माडीवर आली आणि उंबऱ्यातच टेकली. तिचा जावई मुंबईला गिरणीत होता आणि सासुरवाडीला आला की मुद्दाम इंग्रजीतून पाणी मागायचा. "मला उलटं बोलायचंय त्याला," ती म्हणाली, "एकदाच." तिनं येताना दोन नणंदा आणल्या. म्हाळसाबाईंनी आपल्या विहिणीला आणलं. सुंदरम्मांनी वळसंगहून आलेल्या भाचीला बसवलं. दिवाळीपर्यंत माडीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. सुंदरम्मा पुढं बसून एक वाक्य म्हणत, आणि पाठीमागून सगळ्या बायका एकसुरात तेच म्हणत. एकेकीनं नाही, सगळ्यांनी मिळून.

दाक्षायणीनं एकदा म्हणून बघितलं की प्रत्येकीनं वेगळं, एकटीनं म्हणावं. बायकांनी तिच्याकडं दयेनं बघितलं. आरतीला का कुणी एकेक ओळ वाटून घेतं?

आणि या सगळ्याच्या खाली कल्लप्पा राहत होते.

कल्लप्पा धनशेट्टींचे भाडेकरू. गिरणीत टाइमकीपर म्हणून त्यांची उभी हयात रात्रपाळीत गेली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांना रात्री झोप येत नसे. ती दुपारी यायची, आणि बरोबर धड्याच्या वेळेला यायची. ते दोनदा वर येऊन सांगून गेले.

"दार उघडताय. बरं. लगेच लावताय. ते का? एक तर उघडं ठेवा, नाही तर लावलेलं ठेवा. मी झोपू कधी?"

"लक्ष्मी जाते," सुंदरम्मा म्हणाल्या.

कल्लप्पा खाली गेले, धोतर बदललं, आणि सरळ कचेरीत गेले. कुठल्या कचेरीत ते सांगण्यात अर्थ नाही. अशी कचेरी प्रत्येक गावात असते आणि प्रत्येक गावात ती दुसऱ्या मजल्यावर असते. आठवड्याभरात दाक्षायणीच्या नावानं नोटीस आली, की राहत्या जागेत विनापरवाना वर्ग चालवल्याबद्दल समक्ष येऊन खुलासा करावा.

दाक्षायणीच्या आयुष्यात तोवर तिच्या नावानं आलेले सरकारी कागद दोनच होते, आणि दोन्ही परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे होते. तिला रात्रभर, म्हणजे तिच्या हिशेबानं अंथरुणावर पडल्यापासून पाण्याचा बंब पेटवेपर्यंत, कानात शिट्टी वाजल्यासारखं होत राहिलं. सकाळी आई म्हणाली, "मी म्हणत होते, बँकेची परीक्षा दे."

कचेरीत तिला पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं जेवणाच्या सुट्टीकडं, आणि सुट्टीनंतर सगळ्यांनी मिळून रामहरीकडं. रामहरी हा मूळचा करमाळ्याकडचा, पानाच्या डागांनी लालसर झालेल्या मिशांचा कारकून. त्यानं नोटीस वाचली, तिला स्टूल दिलं आणि परवान्यांची यादी पुढं ओढली.

"तुमचं कशात बसतंय ते बगू. पिठाची गिरण?"

"नाही."

"खानावळ. तालीम. शाळा."

"शाळा नाही. बायका दुपारी इंग्रजी शिकतात."

"बायका म्हंजे शिवणक्लास लिवू."

"पण शिवणयंत्रं नाहीत."

"ती बी न्हाईत," रामहरी खेदानं म्हणाला. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "बरं, मला असं सांगा. शिकत्यात म्हंजे करत्यात काय?"

"मी एक वाक्य सांगते. एक बाई पुढं बसून म्हणतात. बाकीच्या मागनं म्हणतात."

"सगळ्या मिळून?"

"सगळ्या मिळून."

"दुपारच्याला? मांडी घालून?"

"हो."

रामहरीनं यादी बंद केली. "मग ह्ये भजनच की, बाई."

दाक्षायणी म्हणाली, त्यात देवाचं नाव नसतं.

"ते मनात घ्या. भजनी मंडळाला परवाना लागत न्हाय, तक्रार चालत न्हाय, वरचा सायब इचारत न्हाय. नुसती नोंद करायची. हितं सही करा. नाव काय द्यायचं मंडळाचं? धनशेट्टी महिला भजनी मंडळ. आन् हितं, बुवांची सही."

"बुवा कोण?"

"सांगतंय कोण? तुमी. म्हंजे बुवा तुमी."

"मी बाई आहे."

"रकाना बुवाचा हाय," रामहरी समजुतीनं म्हणाला. "त्यात मी काय करू?"

ज्या मुलीनं प्रयोगवहीत कधी एक आकडा बदलून लिहिला नव्हता, तिनं त्या रकान्यात सही केली. जिना उतरताना तिला आपलं वजन कमी झाल्याचा भास झाला. 

बातमी माडीवर कळली तेव्हा सुंदरम्मा मात्र खूश झाल्या. त्यांनी पानाचा डबा उघडावा तितक्या सहज मठातून टाळांचे जोड मागवले. "उद्या कचेरीचा माणूस आला तर काय दाखवायचं? हातात टाळ हवेत." ईरम्मानं घरून ढोलकी आणली. भिंतीवर सिद्धरामेश्वराची तसबीर होतीच. आणि दुपारी सुंदरम्मांनी टाळावर टाळ आपटून सुरुवात केली. आय अ‍ॅम, टाळ, ओपनिंग, टाळ, द डोअर, टाळ टाळ.

तेवढ्यात मागच्या बाजूनं एक नवा आवाज आला. स्वच्छ, मोठा, न अडखळणारा. दाक्षायणीनं वळून बघितलं. कस्तुराबाई पदर खांद्यावर टाकून, डोळे मिटून, दारापासून पेटीच्या झाकणापर्यंत सबंध धडा म्हणत होत्या. टाळांच्या आवाजात आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही अशी त्यांची खात्री झाली होती.

दाक्षायणीनं पडताळा घेतला. टाळ बंद ठेवले, कस्तुराबाई गप्प. टाळ सुरू केले, कस्तुराबाई सुरू. ढोलकी काढली, फरक नाही. टाळ काढले, सगळं थांबलं. असं तिनं निरनिराळ्या दिवशी करून बघितलं. निष्कर्ष निर्विवाद होता आणि लाजिरवाणा होता. तिच्या पद्धतीनं जे चार महिन्यांत झालं नाही ते पितळेच्या दोन वाट्यांनी एका दुपारी केलं होतं.

"हे बरं नाही," तिनं कस्तुराबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. "जेनी आल्यावर टाळ कुठून आणणार?"

कस्तुराबाई कसनुशा हसल्या. "मी पण तोच विचार करायलालेय. ती माझ्याकडं बघणार, मी अक्कांकडं बघणार." मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि पुन्हा फोनासारखंच व्हायचं."

डिसेंबर सरत आला तसा रामहरी माडीवर आला. तपासणीला नव्हे. त्याच्या गल्लीत संक्रांतीच्या जत्रेनिमित्त भजनांच्या स्पर्धा होत्या आणि तो तिथल्या उत्सव मंडळाचा चिटणीस होता.

"सात मंडळं आली. आठ म्हणून छापलंय. तुमी या, बुवा."

"अहो, आम्हाला भजन येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत हाय म्हणून तर आलो," रामहरी म्हणाला. त्याचा सूर मऊच होता. "आपलं मंडळ भजन करत न्हाय असं मला कचेरीत आठवाय नको."

जिन्यात उभे राहून कल्लप्पांनी हे ऐकलं. "मी पण येतो स्पर्धेला," ते खालून म्हणाले. "पहिल्या रांगेत बसतो. भजन आहे का दार आहे ते उभ्या गावासमोर विचारतो."

तेव्हा एक खरोखरीचं भजन बसवायला हवं होतं. दाक्षायणीला वाटलं, निदान हे सोपं जाईल. यांतल्या प्रत्येक बाईला डझनावारी भजनं पाठ असणार. होतीच. पण सुंदरम्मा आणि त्यांच्या माणसांना येत होती ती कानडी. म्हाळसाबाई आणि त्यांच्या विहिणीला मराठी. ईरम्मा आणि तिच्या नणंदांना तेलुगू. एकमेकींशी व्यवहारापुरतं सगळ्या सगळं बोलत, पण भजन ज्या भाषेत लहानपणी कानावर पडलं त्याच भाषेत तोंडातून निघे. दुसरीचं म्हणायला गेलं की चाल सापडे आणि शब्द हरवत.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यामागनं म्हणा," सुंदरम्मा म्हणाल्या.

"कानडी माझ्या जिभेवर बसत नाही," म्हाळसाबाई म्हणाल्या. "गळ्यात खडे अडकल्यासारखं होतं."

"खडे गिळायची सवय लावा."

"अम्मा, भांडू नका," ईरम्मा म्हणाली आणि ढोलकी मांडीवर घेऊन आपलं तेलुगू सुरू केलं.

शेवटी देवाच्या नुसत्या नावाचा गजर करू असं ठरलं, पण कोणाच्या देवाचं नाव आधी, यावर तीन दुपारी गेल्या. मग मतं घेऊन म्हाळसाबाईंचं एक सोपं मराठी भजन ठरलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कस्तुराबाईंनी तर "होय" म्हटलं, कारण अक्कांनी म्हटलं होतं. त्या माना कशा डोलल्या याकडं दाक्षायणीनं नीट बघायला हवं होतं.

विरुपाक्षची तार आली. स्पर्धा ज्या संध्याकाळी, त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं तो पोचणार होता. म्हणजे सकाळी पाहुणे, दुपारी हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण, संध्याकाळी स्पर्धा. पण सकाळची गाडी दुपारपर्यंत आली नाही, आणि तीनलाही आली नाही. गुरुसिद्धप्पा स्टेशनात बसून राहिले. चार वाजता रामहरीनं टांगे पाठवले. सुंदरम्मांनी सगळ्या खोल्यांना कुलपं घातली, जुडगा कमरेला खोचला, आणि मंडळ निघालं. कस्तुराबाई टांग्यातून स्टेशनच्या दिशेला बघत होत्या.

मांडव माणसांनी भरला होता. जत्रेची गर्दी, भाकरीवर लावलेल्या तिळासारखी डोकी. परीक्षक तिघं, पांढऱ्या टोप्यांचे. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, कल्लप्पा, मांडीवर छत्री. रामहरीनं पुकारा केला, "आता नवी पेठेचं महिला मंडळ. बुवा, दाक्षायणीबुवा." दाक्षायणी व्यासपीठाच्या कोपऱ्यात बसली आणि जमिनीकडं बघत राहिली. तिच्या कॉलेजातले एक प्रोफेसर प्रेक्षकांत होते. ते नसते तरी तिला दिसले असते.

सुंदरम्मांनी टाळ उचलले. ठरलेलं मराठी भजन सुरू झालं. पहिली ओळ सगळ्यांनी धरली. दुसऱ्या ओळीला सुंदरम्मांना शब्द आठवेनात आणि त्यांनी चाल न मोडता कानडी धरलं. त्यांची माणसं त्यांच्यामागं गेली. म्हाळसाबाईंनी आवाज चढवून मराठी लावून धरलं. ईरम्माच्या नणंदांना वाटलं, आता ज्याचं त्यानं म्हणायचं, आणि त्यांनी तेलुगू सोडलं. थोडा वेळ ती तिन्ही भजनं एकमेकांच्या अंगावरून धावत होती. एका परीक्षकानं टोपी काढून पुन्हा घातली. मग एक एक करून बायका थांबल्या, कारण दुसरी थांबलीय असं प्रत्येकीला वाटलं, आणि मांडवात शांतता झाली.

कल्लप्पा छत्री टेकून उठू लागले.

त्याच वेळी मांडवाच्या कडेनं गुरुसिद्धप्पा आत आले. त्यांच्या दोन्ही हातांत ट्रंका होत्या. मागं विरुपाक्ष, त्याच्यामागं त्याची बायको ब्रेंडा, आणि तिच्या झग्याला धरून जेनी. गाडी आत्ता आली होती, घराला कुलूप होतं, आणि किल्ल्या सुंदरम्मांच्या कमरेला होत्या. गुरुसिद्धप्पांनी व्यासपीठाकडं बघून हातानं किल्ली फिरवल्याची खूण केली.

सुंदरम्मांनी ती खूण बघितली नाही. त्यांनी ब्रेंडाचे गुडघे बघितले. टाळ त्यांच्या हातात तसेच राहिले आणि तोंड उघडं राहिलं. जेनीनं इतकी माणसं, इतके दिवे बघितले, आईच्या झग्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. ते रडणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

कस्तुराबाईंनी अक्कांकडं बघितलं. अक्का बोलल्या नाहीत. कस्तुराबाईंनी जेनीकडं बघितलं. पुन्हा अक्कांकडं. दाक्षायणीनं श्वास रोखला, जसा ती तराजूपुढं रोखत असे.

मग कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. टाळ नव्हते, ढोलकी नव्हती, आधी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी हवेत हात घालून एक मोठं दार ओढलं.

"आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर," त्या म्हणाल्या.

जेनीचं रडणं मध्येच अडकलं. तिनं झग्यातून एक डोळा बाहेर काढला.

"आय अ‍ॅम शटिंग द डोअर." दार धाडकन लागलं. मागून सगळ्या बायकांनी सवयीनं तेच वाक्य म्हटलं, एकसुरात, एका दमात, कुणाचाही शब्द न चुकता, कारण तिन्ही घरच्या बायकांना सारखं पाठ असलेलं जगात तेवढंच होतं. ईरम्माच्या ढोलकीनं ठेका धरला. जेनी पूर्ण वळली. आणि ती वळलेली बघून कस्तुराबाईंना पुढचं काही सुचेना. त्यांचे हात हवेतच राहिले. 

"खिडकी," पहिल्या रांगेतून आवाज आला.

कल्लप्पा अर्धवट उठलेल्या अवस्थेत छत्रीवर रेलून उभे होते. "दारानंतर खिडकी येते," ते वैतागून म्हणाले. "रोज ऐकतोय मी. मग पेटीचं झाकण. म्हणा आता."

कस्तुराबाईंनी खिडकी उघडली. जेनी हसली.

पुढचं दाक्षायणीनं डोळे मिटून ऐकलं. झाकण उचललं गेलं, ठेवलं गेलं, दार पुन्हा उघडलं, आणि तिसऱ्या फेरीला मांडवातली माणसंही टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागली. परीक्षकांनी आपसांत बोलून उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं. त्यांतले एक म्हणाले, परदेशात हल्ली भजनाचं फार वेड आहे हे ते ऐकून होते, पण ते वेड आपल्या भगिनींनी इतक्या लवकर परत आणलं याचं कौतुक वाटतं; आणि दार म्हणजे देह, खिडकी म्हणजे मन, हे बुवांनी फार सोप्या शब्दांत मांडलं. दाक्षायणी खुलासा करायला उठली.

"बसा बुवा," रामहरी कानाशी म्हणाला. "नारळ घ्या आन् बसा."

तिला एक सिद्धांत आठवला. ठराविक पाण्यात मीठ ठराविकच विरघळतं. त्यानंतर कितीही टाका, तळाशी बसतं. धक्क्यांचंही तसंच असावं. तिनं नारळ घेतला आणि बसली.

घरी पोचल्यावर दारापुढं सगळे थांबले. सुंदरम्मांनी जुडगा कमरेतून काढला. कुलपाजवळ नेला. मग हात मागं घेतला आणि तो कस्तुराबाईंच्या हातात दिला.

"तूच उघड," त्या म्हणाल्या. "तुला बोलता येतंय."

कस्तुराबाईंनी कुलूप काढलं. जेनीनं त्यांचा पदर धरला होता. ती भराभर काहीतरी म्हणाली, लई गोड म्हणाली, आणि कस्तुराबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी दार उघडलं आणि आपण काय करतोय ते तिला सांगितलं. जेनी म्हणाली, अगेन. तो शब्द दाक्षायणी धड्यात रोज म्हणत असे. त्यांनी पुन्हा उघडलं. मग दोघी माडीवर गेल्या. घरातली सगळी दारं, सगळ्या खिडक्या, तिळगुळाचा डबा, हुग्गीचं पातेलं, सुंदरम्मांची लाकडी पेटी, एक एक करून उघडत आणि लावत राहिल्या. खालून कल्लप्पांच्या काठीचा छताला ठोका आला. तो ठेक्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाक्षायणी नेहमीच्या वेळेला गेली. उद्दिष्ट साध्य झालं होतं. आता शिकवणी बंद करायची, मंडळाची नोंद रद्द करायची आणि बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणायचा असं तिनं ठरवलं होतं. तिनं माडीच्या दाराची कडी वाजवली.

दार उघडलं. समोर जेनी उभी होती, कपाळावर विभूती, हातात टाळ.

"आय अ‍ॅम," जेनी म्हणाली आणि टाळ वाजवला, "ओपनिंग," टाळ, "द डोअर," टाळ टाळ. तिचं इंग्रजी कालपर्यंत कसं होतं ते दाक्षायणीनं रात्री खालच्या दारापुढं ऐकलं होतं. आता त्याला नवी पेठेचा हेल होता आणि वाक्याच्या शेवटी सुंदरम्मांचा झटका होता. मग लक्ष्मीला उठायला अवधी न देता जेनीनं ते दार दाक्षायणीच्या तोंडावर धाडकन लावलं.

दाक्षायणी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पुढं काय येतं ते तिला ठाऊक होतं.

खिडकी उघडली. जेनीच्या मागं, पाटावर, ब्रेंडा बसली होती. तिच्या डाव्या बाजूला म्हाळसाबाई काहीतरी सल्ला देत होत्या, उजव्या बाजूला ईरम्मा तिच्या हातात टाळ कसे धरायचे ते बसवत होती, आणि समोर सुंदरम्मा तिचा गुडघा पदरानं झाकत होत्या. कस्तुराबाई मध्ये उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या आधी बोलत होत्या. ब्रेंडाचे डोळे विस्फारलेले होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती मदतीच्या आशेनं खिडकीबाहेर बघत होती.

दाक्षायणीनं तो चेहरा लगेच ओळखला. गेले सहा महिने तो तिच्याकडं होता. कुठलीही वस्तू नाहीशी होत नाही, फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडं जाते, हे ती कॉलेजात शिकली होती; आपल्या डोळ्यांनी बघितलं ते आज.

तिला एकदम हलकं वाटलं. तिनं पुन्हा कडी वाजवली.